धुतलेला पू

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "दिवाळी अंक आहे ताई, विषय जरा प्रसन्न घ्या." मी पू घेतला आहे. ज्यांना झेपणार नाही त्यांनी आधी फराळ उरकावा, मग वाचावं. आमच्या घरी असं काही करावं लागत नाही. चकली खाता खाता मी सडलेल्या पायाचं वर्णन करते आणि कुणाचा हात थांबत नाही. सवयीचा प्रश्न आहे.

शहापूरच्या बाजारपेठेत साडीच्या एका दुकानावर आमची लॅब. पुढच्या खोलीत रक्त आणि लघवी, मागच्या खोलीत मी. माझ्याकडे जखमांचे नमुने यायचे. त्यांतले जिवाणू वाढवायचे, ते कोण आहेत हे ओळखायचं आणि कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं, हा माझा धंदा. निवृत्त होईपर्यंत दुसरं काही केलं नाही. खालचे साडीवाले शेठ वर येऊन तक्रार करायचे, की तुमच्या वासानं गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पळतं. मी म्हणायचे, "मग चांगल्या पदराच्या साड्या पुढे मांडा की." शेठना विनोद कळत असे, पण हसणं परवडत नसावं.

तालुक्यात माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. मी 'पूवाल्या बाई'. लग्नाकार्यात कुणी अशी ओळख करून दिली, की हळदीकुंकू लावायला पुढे आलेला हात जरा थबकतो. माझं लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं होतं, मुलगी काय करते? वडिलांनी अब्रू राखायला "डॉक्टरांना मदत करते" एवढंच सांगितलं. खरा प्रकार उघड झाला तेव्हा मंगळसूत्र गळ्यात पडलेलं होतं आणि सासूबाईंना माघार घेता आली नाही.

काम समजायला अवघड नाही. एक चपटी, झाकणाची प्लेट घ्यायची. तिच्यात जिवाणूंचं जेवण, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली जेली आणि त्यात थोडं मेंढीचं रक्त. काडीवर घेतलेला पू त्यावर ओढायचा आणि प्लेट अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी ठिपके उगवतात. त्यांचा रंग, वास, वागणूक बघून मंडळी ओळखायची. त्यांना लांबलचक लॅटिन नावं आहेत, पण रोज उठून ज्यांचं तोंड बघायचं त्यांना पूर्ण नावानं कोण हाक मारतं? सोनेरी ठिपक्यांचा स्टॅफिलोकॉकस, तो आमचा सोन्या. प्लेट हिरवी करून वर पिकल्या द्राक्षांसारखा वास सोडणारा स्युडोमोनास, तो हिरवा. आणि प्रोटियस म्हणून एक आहे, तो एका जागी बसतच नाही, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखा प्लेटभर पसरतो. त्याला टोपणनाव ठेवावं लागलं नाही. कपाटाचं दार उघडलं की वासावरून तो आल्याचं जिन्यापर्यंत कळायचं.

मग खरी परीक्षा. ओळख पटलेला जिवाणू दुसऱ्या प्लेटवर दाट पेरायचा, लावणीआधी रोपांसाठी भाताचं आवण पेरतात तसा. त्यावर टिकलीएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकतीत वेगळं अँटिबायोटिक मुरवलेलं. सकाळी बघायचं. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण दिसतं, आवणात मधेच कुणी मिठाची मूठ टाकावी तसं. लागू पडत नसेल तर जिवाणू थेट चकतीला खेटून उभे असतात, निवांत. रिंगण पट्टीनं मोजायचं, तक्त्याशी ताडायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. यात बुद्धी लागत नाही असं नाही, पण नाक जास्त लागतं.

माझे बहुतेक नमुने मधुमेहाच्या पायांचे असायचे. साखर जुनी झाली की पायांच्या नसा मरतात आणि पायाला काही कळेनासं होतं. आमच्याकडचा माणूस चिखलात, बांधावर, रानात वावरणारा. काटा लागला तर तो काढतो, पण लागल्याचं कळायला तर हवं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असा सगळ्यांचा समज, आणि या रोगात तो नेमका उलटा पडतो.

त्यात नमुना माझ्यापर्यंत पोचणं हा आणखी एक सोहळा. हॉस्पिटलं लांब, नमुना आणायला माणूस नसला की डॉक्टर पू लावलेल्या काडीची नळी नातेवाइकांच्याच हातात द्यायचे. धसईचा एक गृहस्थ भावाच्या पायाचा नमुना घेऊन आला. प्लेटवर उगवली काळी बुरशी, जी आम्हाला कानात सापडते. मी त्याला बोलावून घेतलं. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "बाजारात गवारीच्या पिशवीतून ती काडी कुठं पडली कळलाच नाय. मंग मेडिकलातनं कान कोरायची काडी घेतली."

"आणि पू?"

"माझा कान वाहतोय ना बाई."

त्याच्या कानावर आधी इलाज झाला. भावाचा नमुना पुन्हा मागवला. कानाचा रिपोर्ट मिळाल्यावर हा इसम इतका खूश झाला, की चुकीबद्दल शरम वाटण्याऐवजी त्यानं चार लोकांना माझ्याकडे कानासाठी पाठवलं.

पण आजची गोष्ट कानाची नाही. ती किन्हवलीच्या रघुनाथदादांच्या उजव्या पायाची आहे.

रघुनाथदादा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अंगानं धिप्पाड, तोंडानं त्याहून. धुक्यात माळशेज घाट उतरवणारा पाय म्हणून उजव्या पायाचा त्यांना विशेष अभिमान. त्यांच्या पंगतीला बसलं की भातावर वरण येण्याआधी घाटातली दोन वळणं तरी यायचीच. साखर बरीच वर्षांची. गोळ्या घ्यायचे, पण बाळूशाही बंद केली नव्हती, कारण बाळूशाही 'दिसायला खारी वाटते' असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस शेतावरून घरी आले आणि पायातली चप्पल निघेना. ओढली तरी निघेना. बायकोनं कंदीलबिंदील नाही, सरळ मोबाइलचा टॉर्च मारून बघितलं, तर खिळा चपलेतून आरपार तळव्यात गेलेला. दिवसभर त्या खिळ्यावर ते बांधाबांधानं फिरले होते. "दुखला नाय तं कसा कळणार?" हा त्यांचा सवाल पुढे त्यांनी डॉक्टरांना, मला आणि भेटेल त्याला विचारला. घरच्या घरी दगडी पाला ठेचून लावला, गावातल्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, बिस्किटाच्या डब्यात पडून असलेल्या मेव्हण्याच्या उरलेल्या गोळ्याही झाल्या. हे डबे आमच्या घराघरांत आहेत. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या पुढच्या आजाऱ्यासाठी जपून ठेवायच्या. एका घरी त्या कोंबड्यांनाही दिल्याचं मला अभिमानानं सांगण्यात आलं होतं. पाय काळा पडायला लागला तेव्हा दादांना मुरबाडच्या एका हॉस्पिटलात भरती केलं.

तिथले सर्जन तरुण, कामाला चोख. त्यांनी जखमेतला पू काडीवर घेतला, काडी आमच्या लॅबच्या नळीत घातली आणि दादांच्या बायकोच्या, सुलोचनावहिनींच्या हाती दिली. त्यांना म्हशीच्या धारेसाठी रोज किन्हवलीला यावं लागे. तिथून सकाळी शहापूर गाठून नळी पोचवायची, असं ठरलं. नळी आली. मी पेरली. प्लेटवर काही म्हणता काही उगवलं नाही.

प्लेट कोरी निघाली की नवख्या माणसाला वाटतं, चला, जंतू नाहीत. मला उलट धसका बसायचा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, कदाचित आमच्या इंजेक्शनांनी मेले असतील."

"मेले असते तर पाय सुधारला असता. सुधारतोय का?"

"नाही. वास वाढलाय."

"मग पाय आणि प्लेट, दोघांतलं एक जण खोटं बोलतंय. आणि पाय कशाला खोटं बोलेल? पुन्हा नमुना पाठवा."

ते म्हणाले, पाठवतो, पण माझ्याकडे वेळ नाही. दादांचा ताप उतरत नव्हता. औषध बदलायचं तर कशावर बदलायचं हे कळायला हवं, आणि कळत नसेल तर विष वर चढण्याआधी पाय गुडघ्याखाली काढणं भाग होतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. अशा वेळी पायाच्या लोभात माणूस जातो, हे मीही पाहिलेलं होतं.

दुसरी नळी घेऊन वहिनी आल्या तेव्हा योगायोगानं मी पुढच्या खोलीत काउंटरपाशी उभी होते. काटक बाई, नऊवारी घट्ट खोचलेली, हातात स्वच्छ फडक्यात बांधलेलं गाठोडं. गाठोडं सोडून त्यांनी नळी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, प्रसाद द्यावा तशी.

"बाई, आता नीट बगा. डॉक्टर बोलले, यातबी काय निघाला नाय त उद्या पाय काढायचा."

नळी चकचकीत होती. आतली काडी पांढरीफेक, वरचा कापूस नुकताच पिंजल्यासारखा. मी झाकण उघडून वास घेतला. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण.

"वहिनी, हे काय केलंत?"

"काय केला? धुतला."

"धुतला?"

"मग! काल घरी नेला नि बगते तं काडीला सगळा पू नि रगात. असला घेऊन तुमच्या दारात यायचा व्हय? लोक काय बोलतील, ड्रायवरची बायको लोकाचा भांडा खरकटा घेऊन आली. गरम पाण्यानं, साबण लावून दोनदा धुतला, मंग ताटाळ्यात वाळवला. पयला बी तसाच धुतला होता." आणि वर जरा नाराजीनं, "पयल्या टायमाला कोन काय बोललाबी नाय."

नळीवर आमच्या लॅबचं नाव छापलेलं. म्हणजे त्यांच्या लेखी ते आमच्या घरचं भांडं. आमच्या भागात शेजारणीची वाटी कुणी खरकटी परत करत नाही. रिकामीही करत नाही, पण सुदैवानं वहिनींनी नळीत साखर घातली नव्हती.

मला हसू फुटलं. आवरेना. काउंटरवरची मुलगीही हसायला लागली. वहिनी आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग मला आठवलं, उद्या पाय काढायचा आहे, आणि हसू थांबलं.

"वहिनी, मला ती घाणच हवी होती."

"घाण हवी होती? मग सांगायचा ना! गोठ्यात काय कमी हाय?"

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. बाहेरच्या माणसाला तिथे येऊ द्यायचं नाही असा नियम आहे, तो मी मोडला. दुसऱ्याच कुणाची तरी प्लेट झाकणासकट उजेडात धरून दाखवली, ठिपके दाखवले, रिंगणं दाखवली. म्हटलं, पूमध्ये हे असतात, यांना पकडून कुठलं औषध चालेल ते बघतात, आणि तुम्ही ते साबणानं धुऊन मोरीत सोडले. वहिनी शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, पण समजायला त्यांना माझ्याएवढाही वेळ लागला नाही. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या स्टुलावर बसल्या नाहीत, सरळ फरशीवर बसल्या.

"म्हंजे ह्यांचा पाय माझ्या हातानं चाललाय."

इतकी वर्षं जखमा बघून मी निबर झाले होते. त्या वाक्यानं मात्र मला गलबलून आलं. त्यांच्या शेजारी फरशीवर बसावं असं वाटलं, पण गुडघे साथ देणार नव्हते. मी म्हटलं, "पाय अजून जागेवर आहे. उठा, चला."

डॉक्टरांना फोन करून झाला प्रकार सांगितला. पलीकडून जो आवाज आला तो हसण्याचा होता की कपाळावर हात मारल्याचा, ते मला अजून कळलेलं नाही. मी निर्जंतुक बाटली पर्समध्ये टाकली आणि वहिनींबरोबर मुरबाडच्या जीपमध्ये बसले. सापगावचा पूल गेला. किन्हवली आली. मी म्हटलं, "म्हशीची धार?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मरू दे म्हस."

हॉस्पिटलात रघुनाथदादा तापानं फणफणलेले होते, पण तोंड चालू होतं. मला बघून म्हणाले, "या पूवाल्या बाई! कापायचा तं डावा कापायला सांगा त्यांना. क्लच सुटला तरी चालल. ब्रेकचा नाय देणार." बायको नजरेआड झाल्यावर आवाज एकदम खाली आला. "बाई, एका पायानं मी परसात तरी जाईन का हो? ती किती उचलील मला?" मी चादर सारखी केली.

डॉक्टर म्हणाले, "जखम मला तशीही उघडून साफ करायची आहे, ती आत्ताच करतो. खोलवरचा तुकडा देतो तुम्हाला. पण मी किती थांबणार ते आधी बघून ठेवा." त्यांनी काळं मार्कर पेन घेतलं आणि पायाची लाली जिथे संपत होती तिथे, घोट्याच्या वर, नडगीवरून एक रेघ ओढली. "लाल रंग या रेघेच्या वर गेला, की मी तुमच्या प्लेटसाठी थांबणार नाही. त्याच क्षणी टेबलवर घेणार." मग वहिनींकडे वळून, "आणि काकू, ही रेघ मात्र धुऊ नका."

वहिनींनी मान डोलावली. नंतर नर्सकडून कळलं, रुग्णाचं अंग पुसायला आलेल्या मावशीला त्यांनी रेघेच्या आसपासही फिरकू दिलं नाही. भांडून परत पाठवलं.

वरवरचा पू काही कामाचा नसतो. त्यात चामडीवरचे, मातीतले, दगडी पाल्यावरचे, सगळे फुकटे भरलेले असतात. खरा गुन्हेगार आत, मेलेलं मांस संपून जिवंत सुरू होतं त्या कडेला असतो. डॉक्टरांनी तिथला तुकडा बाटलीत टाकून दिला. परतीच्या जीपमध्ये बाटली मी दोन्ही हातांत धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात?" मी म्हटलं, "लोणचं." ती जरा वेळानं म्हणाली, "बिघडला वाटतं तुमचा." आणि उठून मागच्या बाकावर गेली.

दुसऱ्या दिवशी प्लेट भरली होती. सोनेरी, टपोरे ठिपके. सोन्या. माझ्या तोंडून शिवी गेली ती आनंदाची होती. पण नुसता कोण ते कळून भागत नाही, कशानं मरतो ते कळायला आणखी एक दिवस हवा. मी त्याला नव्या प्लेटवर दाट पेरलं, चकत्या ठेवल्या आणि कपाट बंद केलं. पुढचं माझ्या हातात काही नाही. जिवाणूंना घाई करता येत नाही, ते त्यांच्याच चालीनं वाढतात.

दिवसभर वहिनींचे फोन. "बाई, उगवला का?" जणू मी त्यांच्याच परसात वाल लावले होते.

"उगवला. आता मारायला टाकलाय. रेघ काय म्हणते?"

"लाल रेघेला टेकला हाय. पन वर नाय गेला."

संध्याकाळी पुन्हा तेच. टेकलाय, वर नाही गेला. पहिल्यांदा मला माझ्या धंद्याचा राग आला. पू बघून घाबरले नव्हते, ती मी त्या टेकलेल्या लालीला घाबरले. घरी जेवताना लक्ष नव्हतं. चकलीच्या मोसमात मी चकली नाकारली, म्हणून नवऱ्यानं तब्येत विचारली.

सकाळी साडीचं दुकान उघडायच्या आत मी लॅबमध्ये हजर. कपाट उघडलं. एकेका चकतीला सोन्या अंगाला अंग लावून उभा. दादांना चाललेलं महागडं इंजेक्शन, त्याच्या चकतीला तर तो रेलून बसलेला. गावातल्या दवाखान्यातलं, मेव्हण्याच्या डब्यातलं, सगळं पचवलेला होता. पण दोन ठिकाणी मोकळी रिंगणं पडली होती. एक शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवतात त्या इंजेक्शनचं. दुसरं डॉक्सीसायक्लिन नावाच्या जुन्या, साध्या कॅप्सूलचं. औषध कंपन्यांचे टाय लावलेले पोरगे जिचं नावसुद्धा घेत नाहीत, तिच्याभोवती मोठं, स्वच्छ, गोल रिंगण. पट्टी लावायची गरज नव्हती तरी लावली. मोजण्यातलं सुख वेगळं असतं.

डॉक्टरांना फोटो पाठवला आणि फोन केला. त्यांनी तिथल्या तिथे इंजेक्शन बदलायला सांगितलं. नंतर घरी जायच्या वेळी ती जुनी कॅप्सूल. लाली रेघेपासून मागे सरकायला लागली, तेव्हा वहिनींनी रडत फोन केला. काय म्हणत होत्या ते एक अक्षर कळलं नाही, पण 'खाली गेला' एवढं ऐकू आलं.

दोन बोटं गेली. पाय राहिला.

बरे झाल्यावर दादा वहिनींबरोबर, काठी टेकत लॅबचा जिना चढून आले आणि 'त्यो हरामखोर' बघायचा म्हणाले. प्लेट केव्हाच नष्ट केली होती, फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून त्या रिंगणाकडे बराच वेळ बघितलं.

"म्हंजे ह्या गोळीपाशी त्याचा ब्रेक लागला."

"हो."

"नि बाकीच्यांपाशी फेल."

मी संधी साधली. म्हटलं, "दादा, गाडी काढायच्या आधी टायर बघत होता ना? रोज?"

"बगितल्याशिवाय स्टार्टर मारला नाय कवा."

"मग पाय का बघत नाही?"

दादा काठीची मूठ चोळायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं. "मी बगीन," त्या म्हणाल्या. "आनि गोळ्या पुऱ्या संपवीन. डब्यात एक बी जानार नाय." पुढे कळलं, की रोज संध्याकाळी दादांना ओट्यावर बसवून, मोबाइलचा टॉर्च मारून, तळव्याखाली आरसा धरून त्या बोटाबोटातून तपासतात, आणि गावातल्या कुणाला जखम झाली तर आधी ओरडतात, "धुवू नको! बाईंना घाण लागते!" किन्हवलीत माझी ही अशी कीर्ती आहे.

दुःख एकच. ती रिंगणं लहान होत चालली. मी कामाला लागले तेव्हा बऱ्याच चकत्यांभोवती ऐसपैस जागा असायची. निवृत्तीच्या सुमाराला प्लेटी बघताना कसंतरी व्हायचं, जिवाणू चकत्यांच्या अगदी दारात येऊन उभे. दोष कुणाकुणाला द्यायचा? उठल्यासुटल्या इंजेक्शन मारणाऱ्यांना, ते मागून घेणाऱ्यांना, की बिस्किटाच्या डब्यांना? मी नुसती मोजत राहिले, आणि मोजण्यानं काही थांबत नाही, हे मला पट्टी हातात असतानाच कळत होतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात सुलोचनावहिनी पुन्हा आल्या. दादांच्या दुसऱ्या, डाव्या पायाला मोटरसायकलच्या सायलेन्सरचा चटका बसला होता आणि फोड आला होता. त्यांना अर्थातच कळलं नव्हतं, वहिनींना त्याच संध्याकाळी आरशात दिसला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून नमुना दिला होता. वहिनींनी नळी हात लांब करून, विंचू धरावा तशी धरली होती.

"बाई, हात लावला नाय हा! फडक्यानं बी पुसला नाय. जशी दिली तशी आनली."

मी नमुना पेरला. जाताना हे एक काम नीट करून जावं असं मनात होतं. दुसऱ्या सकाळी कपाट उघडलं. प्लेट कोरी. चामडीवर तुमच्या-माझ्याही असतात ते दोन गरीब ठिपके एका कडेला, बाकी काही नाही. आणखी एक दिवस ठेवून बघितलं. तेच.

मी नळी शोधून काढली, वास घेतला. साबणाचा नव्हता. तरी विश्वास बसेना. फोन लावला आणि 'कशा आहात' वगैरे न विचारता ओरडले, "वहिनी, खरं सांगा, पुन्हा धुतलीत ना?"

पलीकडे म्हैस हंबरली. मग वहिनींचा आवाज आला. जरा दुखावलेला, आणि बराचसा तोऱ्यातला.

"नाय धुतली बाई. या टायमाला घाणच नव्हती, तर कुठून आनू?"